वरून जाणे, वाटेत थांबणे, आत शिरणे : ओमानच्या वाटेवरचा एक पाठ



दर वर्षी उन्हाळ्यात आपल्या सिनेगॉगमध्ये 'हुक्कत' हा पाराशा वाचला जातो. त्यातली लाल कालवड, मिर्यामचा मृत्यू आणि खडकातून निघालेले पाणी सर्वांच्या लक्षात राहते. पण त्याच पाराशात एक छोटासा अर्जही आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कादेश येथून मोशे रब्बेनूंनी एदोमच्या राजाकडे दूत पाठवले आणि त्याच्या देशातून पलीकडे जाण्याची परवानगी मागितली. शेतात पाऊल टाकणार नाही, द्राक्षमळ्यात शिरणार नाही, विहिरीचे पाणी पिणार नाही, मुख्य रस्ता सोडून कोणत्याही बाजूस वळणार नाही, अशा अटी त्यांनी आपण होऊन स्वतःवर घालून घेतल्या. राजाने नकार दिला. पाण्याचे दाम मोजू म्हटले तरी नकारच, वर सीमेवर सैन्य आणून उभे केले. तेव्हा इस्राएल लोकांनी लांबचा वळसा घेतला.

आजच्या भाषेत हा ट्रान्झिटचा अर्ज होय. परक्या देशातून नुसते पलीकडे जाणे हा हक्क नसून परवानगीची बाब आहे, आणि नकार आला तर वळसा घेण्यात कमीपणा नाही, या दोन गोष्टी त्यातून शिकाव्यात. त्याच दृष्टीने आज आपण ओमानची वाट तपासणार आहोत. मुंबईहून मस्कतला विमानाने तीन तासही लागत नाहीत. तेथून पुढे युरोपकडे जाणारी तिकिटे पुष्कळदा स्वस्त मिळतात, म्हणून आपल्या लोकांची नजर तिकडे वळते. परंतु आपल्या एकेका कुटुंबात आज दोन-दोन, तीन-तीन देशांचे पासपोर्ट आहेत. एक भाऊ ठाण्यात, दुसरा अश्दोदला, मुलगी लंडनला. एकाच लग्नाला तिघे निघतात, पण तिघांचा रस्ता एक नसतो.

1. तीन शब्द, तीन अर्थ

वरून जाणे. विमान देशाच्या आकाशातून जाते, खाली उतरत नाही. हवाई वाहतुकीच्या नियमांत यालाच पहिले स्वातंत्र्य म्हणतात. ही परवानगी विमान कंपनीला मिळते, प्रवाशाला नव्हे. 22 मार्च 2018 रोजी एअर इंडियाचे विमान दिल्लीहून ओमान आणि सौदी अरेबियावरून तेल अवीवला आले, तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता! इस्राएली कंपन्यांना मात्र तोपर्यंत तांबड्या समुद्रावरून वळसा घ्यावा लागे. सौदीने जुलै 2022 मध्ये आपले आकाश मोकळे केले, तरी पूर्वेकडे जाण्यासाठी ते पुरेसे नव्हते. नकाशा उघडून पाहा, सौदीपुढे ओमान येतो. ओमानने 23 फेब्रुवारी 2023 रोजी परवानगी दिली, तेव्हा कुठे वाट पुरी झाली.

वाटेत थांबणे. म्हणजेच ट्रान्झिट. विमान उतरते, आपण विमानतळाच्या आतल्या भागातच राहतो आणि दुसऱ्या विमानात बसतो. पासपोर्ट तपासणीची खिडकी आपण ओलांडत नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने आपण त्या देशात शिरलेलो नसतो.

आत शिरणे. खिडकी ओलांडली, शिक्का पडला, की प्रवेश झाला. मग तो चौदा दिवसांसाठी असो की एका रात्रीसाठी, नियम प्रवेशाचेच लागतात.

बहुतेक घोटाळे दुसरा आणि तिसरा शब्द एकच मानल्याने होतात. यावरून त्या खिडकीजवळ आपले सामानच आपल्याला ओढून नेते, हे ध्यानात ठेवावे. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर बॅगा मुंबईहून थेट शेवटच्या गावी जातात. दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढली, तर बहुधा मस्कतला बॅगा घेऊन पुन्हा नव्याने द्याव्या लागतात. बॅगांचा पट्टा खिडकीच्या पलीकडे असतो. म्हणजे तुम्ही मनात ट्रान्झिट म्हणता, पण प्रत्यक्षात प्रवेश मागत असता.

2. व्हिसामाफी म्हणजे अटमाफी नव्हे

ओमानमध्ये व्हिसाचे काम रॉयल ओमान पोलिस पाहतात आणि अर्ज इंटरनेटवरून करता येतो. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांतील नागरिक ओळखपत्रावर येतात-जातात. डिसेंबर 2020 मध्ये ओमानने शंभराहून अधिक देशांच्या नागरिकांना थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी व्हिसातून सूट दिली. ही मुदत चौदा दिवसांपर्यंत आहे. पण त्यासोबत हॉटेलचे पक्के आरक्षण, आरोग्यविमा आणि परतीचे तिकीट, अशा तीन गोष्टी मागितल्या. पासपोर्टची मुदतही सहा महिने उरलेली असावी.

भारतीय पासपोर्टवाल्यांना ही सूट सरसकट नाही. ज्यांच्याजवळ अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कोठला चालू व्हिसा अथवा रहिवासाचा परवाना आहे, त्यांना ती मिळते. बाकीच्यांनी आधी ई-व्हिसा काढावा. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.

3. आमच्या घरातली गोष्ट

येथे आमचीच चूक सांगतो. आयुष्यभर वर्गात नकाशे टांगले, पण स्वतःच्या बहिणीला बरोबर वाट दाखवू शकलो नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला लंडनमध्ये मुलगा झाला. बहीण ठाण्याची, पासपोर्ट भारतीय, ब्रिटनचा व्हिसा हातात. बाळंतपण ठरल्या वेळेआधी झाले म्हणून तिकीट घाईने काढायचे होते. मुंबई ते मस्कत एका कंपनीचे, मस्कत ते लंडन दुसऱ्या कंपनीचे, मध्ये चौदा तास. सातव्या दिवशी पोहोचायचे, आठव्या दिवशी ब्रित मिला. तिने फोनवर विचारले, "दादा, मध्ये एवढा वेळ आहे, काही अडचण नाही ना?" आम्ही म्हटले, "अगं, ट्रान्झिट आहे. बाकड्यावर बसून राहा."

मुंबईच्या काउंटरवर तिला विचारले, "मस्कतला सामान कोण उचलणार?" ती म्हणाली, "मीच." मग हॉटेलचा कागद मागितला, विमा मागितला. दोन्ही नव्हते. ब्रिटनच्या व्हिसामुळे ती सवलतीत बसत होती. दोन कागद असते तर तिला कोणी अडवले नसते. ते जमवीपर्यंत काउंटर बंद झाले. नातवासाठी शिवलेली झबली आणि चिकाच्या हलव्याचा डबा घेऊन ती रात्री ठाण्याला परत गेली.

त्या कर्मचाऱ्याला दोष देता येत नाही. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेऊन उतरवला, तर त्याला परत आणण्याचा भार कंपनीवर पडतो, शिवाय दंडही होऊ शकतो. म्हणून परदेशाची सीमा खरे तर मुंबईच्या काउंटरवरच सुरू होते.

दुसरे तिकीट काढून बहीण नवव्या दिवशी पोहोचली. नातवाचे नाव तिला विमानतळावर कळले. तिने आम्हाला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच आम्हाला अधिक लागले.

4. इस्राएली पासपोर्ट आणि ओ.सी.आय. कार्ड

ओमानला यहुदी माणूस नवा नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी सोहार बंदरात इसहाक बिन यहुदा नावाचा यहुदी व्यापारी चीनहून मोठा माल घेऊन परतला. खलिफाच्या माणसांनी त्याच्यावर हात टाकू पाहिला, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी बाजार बंद करून विरोध केल्याची कथा जुन्या अरबी ग्रंथात आहे. आपल्या काळात पंतप्रधान यित्झाक राबिन 1994 साली मस्कतला गेले. 1996 साली व्यापार कार्यालये उघडली आणि 2000 साली बंद झाली. ऑक्टोबर 2018 मध्ये पंतप्रधान नेतान्याहू यांनी सुलतान काबूस यांची भेट घेतली.

हे सर्व खरे असले, तरी राज्यकर्त्यांच्या भेटीने सामान्य माणसासाठी खिडकी उघडत नाही. दोन्ही देशांत राजनैतिक संबंध नाहीत, 1972 चा बहिष्काराचा कायदा आहे आणि व्हिसामाफीच्या यादीत इस्राएल नाही. म्हणून इस्राएली पासपोर्टवर मस्कतमार्गे तिकीट काढू नये, ते कितीही स्वस्त असो. आकाश मोकळे झाले याचा अर्थ जमीन मोकळी झाली असा नव्हे.

आमचे काही बांधव म्हणतात, "आमच्याजवळ ओ.सी.आय. कार्ड आहे." 2017 साली भारताच्या पंतप्रधानांनी तेल अवीव येथे सैन्यसेवा केलेल्या आपल्या मुलांनाही हे कार्ड देण्याचे जाहीर केले, ते आपल्या समाजाला फार उपयोगी पडले. पण हे कार्ड म्हणजे भारतात येण्याचा आजीव व्हिसा आहे, पासपोर्ट नव्हे. मस्कतच्या खिडकीवर त्याचे वजन शून्य. तसेच परदेशाचे नागरिकत्व घेतल्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट पेटीतून काढून वापरणे हा गुन्हा आहे, तो मोह कोणी धरू नये.

5. दुबईची सहल आणि मुसंदम

ऑक्टोबर 2021 पासून इस्राएल आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात परस्पर व्हिसामाफी लागू झाली, त्यामुळे आपले पुष्कळ लोक दुबईला जातात. तेथे डोंगरांमधल्या खाड्यांतून होडीच्या सहलीची जाहिरात असते, नाव मुसंदम. ही जागा अमिरातीत नाही. ती ओमानची आहे आणि उरलेल्या ओमानपासून अमिरातीच्या जमिनीने तुटलेली आहे. हसत-खेळत बसमध्ये बसलेला मनुष्य सीमेवर जाऊन पोहोचतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठीही यात एक खोच आहे. मस्कतहून मोटारीने मुसंदमच्या खसब गावी जायचे, तर ओमान सोडून अमिरातीत शिरावे लागते आणि पुन्हा ओमानमध्ये यावे लागते. एका प्रवेशाचा व्हिसा पहिल्याच सीमेवर संपतो. विमानाने किंवा शिनास बंदरातून बोटीने गेल्यास देशाबाहेर जावे लागत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

तिकीट काढण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी एकत्र बसून ही उत्तरे कागदावर लिहावीत :

1. प्रवास एका तिकिटावर आहे की दोन?
2. बॅगा कोठपर्यंत लावल्या जातील? मध्ये उचलाव्या लागतील काय?
3. प्रत्येक प्रवाशाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, आणि त्याची मुदत किती उरली आहे?
4. सवलत असल्यास तिच्या अटी कोणत्या? त्यांचे कागद छापून हातातल्या पिशवीत आहेत काय?
5. वाटेतला देश नाही म्हणाला, तर वळसा कोणता?

शेवटी नेहेम्याची आठवण देतो. तो शूशनच्या दरबारात राजाचा प्यालेबरदार होता. राजाची मर्जी त्याच्यावर होती आणि देवाचा हात त्याच्या पाठीशी होता. तरीही यरुशलेमला निघताना त्याने नदीपलीकडच्या सुभेदारांच्या नावे राजाकडून पत्रे मागून घेतली, वाट मोकळी मिळावी म्हणून. त्याची श्रद्धा उणी नव्हती, पण सुभेदाराला श्रद्धा दाखवता येत नाही, पत्र दाखवावे लागते, हे तो जाणत होता. आम्ही हे वयाच्या साठीनंतर शिकलो. आपण त्याआधी शिकावे, म्हणजे आठव्या दिवशी कोणाची आजी ठाण्याला राहून जाणार नाही.