सुताची विद्या लोकरीला चालत नाही

पोरी, लोकर घरी रंगवायची म्हणतेस तर ऐक. आपल्या शुक्रवार पेठेत रंगाचं विचारलंस की दहा जण सांगायला येतील. सगळ्यांचं ऐकून घे, पण आधी एवढं विचार, ‘हे सुताचं सांगताय की लोकरीचं?’ सोलापूर चादरीचं, टॉवेलचं गाव. इथली रंगाची विद्या सुताची. सुताच्या रंगाला कॉस्टिक लागतं, हायड्रो लागतं, सोडा लागतो. लोकरीचं सगळं उलटं. कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात लोकर विरघळून जाते. लोकरीला हवं आंबट पाणी. आंबट पाण्यात लोकर रंगाला धरते आणि उकळीच्या जवळ नेलं की सोडत नाही.

आधी लोकर पारख. दुकानात ‘वूलन’ म्हणून मिळतं त्यात बरंचसं ॲक्रिलिक असतं, त्यावर लोकरीचा हा आंबट पाण्यातला रंग, म्हणजे ॲसिड रंग, चढतच नाही. धागा चिमट्यात धरून जाळून बघ. केस जळाल्याचा वास आला आणि बोटानं चुरली जाणारी राख राहिली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर पैसे वाचव. रेशमावर हा रंग चालतो, सुतावर टिकत नाही. म्हणून लडी सुती दोऱ्यानंच बांध, सैल बांध. लोकर रंगेल, दोरा जवळपास पांढरा राहील.

सांगोला-मंगळवेढ्याकडची धनगरांची लोकर आणलीस तर रंग बघून घे. दख्खनी मेंढीची लोकर बरीचशी काळी-करडी, आणि काळ्यावर रंग दिसायचा नाही. पांढरी निवड. करड्यावर डाळिंबी चढवलास तर आमसुली दिसेल, तेही वाईट नाही. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ असते, कच्च्या लोकरीत मेंढीचं तेल असतं. दोन्ही रिठ्याच्या कोमट पाण्यात काढ, नाहीतर डाग पडतील. मग अर्धा तास साध्या पाण्यात भिजत ठेव. कोरडी लोकर रंगात टाकायची नाही. आणि वजन मात्र भिजवण्याआधी, कोरडीचं करून लिहून ठेव.

आता रंग. ॲसिड रंगाची डब्यातली पूड चमच्यानं टाकू नकोस. 10 ग्रॅम पूड थोड्या पाण्यात कालव, गुठळ्या मोड, मग गरम पाणी घालून पुरतं 1 लिटर कर. हे झालं एक टक्क्याचं पाणी. याच्या 100 मिलिलिटरमध्ये 1 ग्रॅम रंग. म्हणजे 100 ग्रॅम लोकरीला 100 मिलिलिटर घातलं की एक टक्क्याची छटा, मध्यम गडद. फिकट हवी तर 10 ते 20, दाट हवी तर 200. पिवळा, लाल, निळा अशा तीन बाटल्या कर, नाव-तारीख चिकटव. तीन बाटल्यांत सगळं येतं.

100 ग्रॅम लोकरीला सुरुवात अशी कर. डाळिंबीला लाल 80, पिवळा 15, निळा 5 मिलिलिटर. शेवाळीला पिवळा 70, निळा 20, लाल 10. वांगीला लाल 50, निळा 45, पिवळा 5. कंपनी बदलली की रंगाचा जोर बदलतो, म्हणून आधी 10 ग्रॅमच्या लडीवर सगळं दहाव्या हिश्शानं करून बघ. रंग भडक वाटला तर ज्या बाटलीतलं सगळ्यात कमी घातलंस तिचे थेंब घाल, लगेच निवतो. पण तिन्ही सारखे ओतलेस की माती होते. निळा जपून घाल, तो बाकीच्यांना खातो.

भांडं स्टीलचं, मोठं, आणि रंगालाच ठेवलेलं. त्यात पुन्हा आमटी करायची नाही. 100 ग्रॅम लोकरीला 3 ते 4 लिटर पाणी. पाणी कोमट असतानाच रंग घाल, ढवळ, मग ओली लोकर सोड. मंद आचेवर अर्ध्या-पाऊण तासात उकळीच्या अलीकडे आण. निम्म्या वाटेवर लोकर वर उचलून बाजूनं अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाल. आधीच सगळं आंबट केलंस तर रंग भराभर चढून चट्टे पडतात. बोअरचं पाणी जड असेल तर व्हिनेगर थोडं जास्त लागेल, कारण जड पाणी आंबटपणा मारतं. उकळी येऊ देऊ नकोस आणि सारखं ढवळू नकोस. घुसळली की लोकर नमद्यासारखी घट्ट होते, मग ती सुटत नाही. तसंच अर्धा-पाऊण तास राहू दे.

झालं की नाही ते लोकरीकडे बघून कळत नाही, पाण्याकडे बघून कळतं. पांढऱ्या कपात थोडं पाणी घे. स्वच्छ असेल तर रंग सगळा लोकरीत गेला. रंगीत असेल तर आणखी थोडं व्हिनेगर घालून पंधरा मिनिटं ठेव. तरी उतरलं नाही तर रंगच जास्त झाला, पुढच्या वेळी कमी कर. स्वच्छ राहिलेलं आंबट पाणी फेकू नकोस. आपल्याकडे नळ रोज येत नाही. त्याच पाण्यात दुसरी लडी रंगव, फक्त आधी ते पुरतं कोमट होऊ दे.

भांड्यातच निवू दे. गरम लोकर गार पाण्याखाली धरलीस तर आटते. मग कोमट पाण्यात खळबळ, पिळू नकोस, जुन्या टॉवेलात गुंडाळून दाब. सावलीत वाळव, सोलापूरचं ऊन रंगाला सोसत नाही.

पूड मोजताना नाकाला फडकं, हातात मोजे, पंखा बंद, पोरं बाहेर. पुडीला स्वयंपाकघरात जागा नाही. डाळीत-हळदीत भेसळ करणारे जो मेटॅनिल यलो वापरतात तो असाच ॲसिड रंग आहे, आणि खाण्यात त्याला बंदी आहे.

शेवटचं एकच. प्रत्येक लडीचा तुकडा वहीत चिकटव, शेजारी लोकरीचं वजन, तिन्ही बाटल्यांचे आकडे आणि व्हिनेगर लिही. रंग आवडला म्हणून पुन्हा हवा असेल तर डोळ्याला आठवणार नाही, वहीला आठवेल.