नगराचा कारभार शिकावा लागतो

तालुक्याच्या गावी आपण नेहमी जातो. बाजाराला जातो, दवाखान्यात जातो, कचेरीच्या कामाला जातो. गावाच्या तोंडाशी कमान असते. कमानीवर अक्षरे असतात. पूर्वी ती आपल्याला नुसत्या रेघोट्या वाटत. आता आपण ती वाचतो. 'नगरपरिषद आपले स्वागत करीत आहे' असे तिथे लिहिलेले असते.

ही नगरपरिषद म्हणजे काय? तिचा कारभार कोण पाहतो? आणि तो त्याला कोण शिकवतो? आज आपण हेच वाचू.

गाव, नगर आणि शहर

खेड्याचा कारभार ग्रामपंचायत पाहते. लहान शहराचा कारभार नगरपरिषद पाहते. मोठ्या शहराला महानगरपालिका असते. काही गावे पुरती खेडी राहिलेली नसतात आणि पुरती शहरेही झालेली नसतात. अशा गावाला नगरपंचायत मिळते.

महाराष्ट्रात २०१४ आणि २०१५ साली तालुक्याच्या बऱ्याच गावांतल्या ग्रामपंचायती गेल्या. त्या जागी नगरपंचायती आल्या. जुनी पाटी काढून नवी लावायला एक दिवस पुरला. पण नवा कारभार एका दिवसात येत नाही. तो शिकावा लागतो.

नगराच्या माथी कामे तरी किती! १९९२ साली आपल्या राज्यघटनेत चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली. ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिच्यात नगराच्या १८ कामांची यादी आहे. पाणी, रस्ते, गटारे, कचरा, रस्त्यावरचे दिवे, आग विझवणे, जन्म-मृत्यूची नोंद, स्मशाने, गुरांचे कोंडवाडेसुद्धा त्या यादीत आहेत. जन्मापासून मरणापर्यंत माणसाची गाठ नगराच्या कारभाराशी पडते.

परीक्षा झाली, आता शिक्षण

नगरपरिषदेत लोकांनी निवडून दिलेले सभासद असतात. त्यांना आपण नगरसेवक म्हणतो. पगारी नोकरांचा प्रमुख म्हणजे मुख्याधिकारी. राज्याचा लोकसेवा आयोग परीक्षा घेतो आणि मुख्याधिकारी निवडतो.

पण परीक्षा पास झाली म्हणजे कारभार आला, असे नाही. पोहण्याचे पुस्तक पाठ केले, म्हणून कोणी विहिरीत उडी घेईल काय? आधी कोणी तरी कमरेला दोर बांधून शिकवावे लागते. कारभाराचेही तसेच आहे.

यासाठी शाळा आहेत. मुंबईला १९२६ साली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था निघाली. ती नगरपालिकांच्या नोकरांना शिकवते. स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम तिथे आहे. कचेरीच्या कारभाराची पदविकाही आहे. पुण्याला यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी आहे. लोक तिला 'यशदा' म्हणतात. सरकारी अधिकारी आणि निवडून आलेले सभासद तिथे शिकायला जातात. आग विझवणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे.

आगीचे शिक्षण किती मोलाचे आहे, ते मुंबईने पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या बोटीला आग लागली. मोठा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले पुष्कळ जवान मेले. म्हणून दर वर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात.

चिमूटभर औषध

आता पाण्याचेच पाहा. टाकीतल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण किती टाकायची? पाणी सोडणारा माणूस शिकलेला नसला, तर तो अंदाजपंचे टाकतो. कधी ओंजळभर, कधी मुळीच नाही. जास्त झाली तर पाण्याला उग्र वास येतो आणि बाया म्हणतात, "हे कसलं पाणी? नदीचंच आणू." कमी पडली तर घरोघरी हगवण लागते.

शिकलेला माणूस काय करतो? टाकीत पाणी किती, ते मोजतो. त्या मानाने पावडर घेतो. पावडर झाकून, कोरड्या जागी ठेवतो. कारण ऊन आणि ओल लागली की तिचा जोर जातो. मग अर्धा तास थांबतो. त्यानंतर शेवटच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेतो आणि त्यात ओ.टी. नावाच्या औषधाचे थेंब टाकतो. पाणी पिवळसर झाले, तर त्यात औषध पोचले. रंग आला नाही, तर पोचले नाही. एक लिटर पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असा नियम आहे.

बघा, काम केवढेसे! पण ते न शिकलेल्या माणसाच्या हाती गेले, तर सारा गाव अंथरुणाला खिळतो.

चेंबरमधला मृत्यू

आता जरा कठीण गोष्ट वाचू. ती आपल्या घरची आहे. आपल्या गावची पोरे कामाला शहरात जातात. कोणी ठेकेदार म्हणतो, "चेंबर तुंबलाय, आत उतर. दिवसाची मजुरी देतो." पोराला पैशाची गरज असते. तो उतरतो.

गटाराच्या चेंबरमध्ये आणि संडासाच्या टाकीत विषारी वायू साठतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू फार असला, तर नाक बधिर होते आणि वासच येईनासा होतो. माणसाला वाटते, वास गेला, आता भीती नाही. तिथेच तो फसतो. दोन-चार श्वासांत खाली कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो. तोही पडतो. मग तिसरा उतरतो. एका चेंबरपायी तीन घरांच्या चुली विझतात.

यावर कायदा आहे. तो २०१३ सालचा आहे. रक्षणाची साधने दिल्याखेरीज कोणालाही गटारात किंवा संडासाच्या टाकीत साफसफाईला उतरवता येत नाही. उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. असा मृत्यू झाला तर घरच्यांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती रक्कम ३० लाख केली.

पण गेलेला माणूस पैशाने परत येत नाही. म्हणून नगराच्या मुकादमाला, स्वच्छता निरीक्षकाला आणि अभियंत्याला हे शिकवणे जरूर आहे. काम यंत्राने करून घ्यावे. माणूस आत पाठवू नये. आत कोणी पडलाच, तर त्याच्यामागे उडी टाकू नये. अग्निशमन दलाला बोलवावे. शहरात जाणाऱ्या आपल्या मुलालाही हे आजच सांगून ठेवा.

एका नगराची बातमी दुसऱ्याला

वर्गात बसूनच सारे शिक्षण होते, असे नाही. शेजाऱ्याच्या शेतात चांगले पीक आले, तर आपण बांधावर जाऊन विचारतो, "दादा, बियाणं कोणतं? खत किती घातलं?" नगरांनीही एकमेकांना असेच विचारावे.

गुजरातेत सुरत शहर आहे. तिथे सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली. शहरात घाण फार होती. लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत पोटासाठी तिथे गेलेली आपली माणसेही होती. १९९५ साली एस. आर. राव हे तिथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना खुर्चीवरून उठवले. सकाळी अधिकारी स्वतः गल्लीबोळांत जाऊ लागले. प्रत्येक भागाच्या अधिकाऱ्याला जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार मिळाला. दोनेक वर्षांत शहर पालटले. माणसे बहुतेक तीच होती. कामाची रीत बदलली. पुढे स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये सुरत आणि इंदूर या दोन शहरांनी मिळून पहिला क्रमांक घेतला.

आपल्याकडचीही बातमी ऐका. त्याच सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत पुणे जिल्ह्यातले सासवड पहिले आले. कोकणात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरोघरचा कचरा वेगवेगळा घेतला. ओल्या कचऱ्यापासून गॅस केला. पूर्वी जिथे नाक धरून जावे लागे, त्या कचऱ्याच्या जागी लोक आता पाहायला येतात.

सुरत मोठे, वेंगुर्ले लहान. पण दोन्हींकडून शिकता येते. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण उगाच नाही.

निवडून आले, आता शिकायचे

महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सरदार वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ या काळात अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. एवढी मोठी माणसे, पण नळ आणि गटारे यांचे काम त्यांना हलके वाटले नाही.

२०११ पासून महाराष्ट्रात नगरपरिषदांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. पुष्कळ बाया पहिल्यांदाच निवडून येतात. मग काही ठिकाणी काय होते? सही बाईंची आणि कारभार त्यांच्या नवऱ्याचा! एका बाईला तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुला त्यातलं काय कळतंय? त्यालाच जाऊ दे बैठकीला." सून म्हणाली, "आत्याबाई, त्यांना तरी आधी कुठं कळत होतं? ते शिकले. मीही शिकेन."

बरोबर बोलली. सभेचा कागद वाचावा. अंदाजपत्रक म्हणजे जमा-खर्चाचा अंदाज, तो समजून घ्यावा. समजले नाही तर सभेत विचारावे. त्याशिवाय सही करू नये. सभासदांसाठी शिक्षणवर्ग निघतात, त्यांना बाईंनी स्वतः जावे.

आपण काय करावे?

एक. कचेरीत गेल्यावर भिंतीवरची पाटी वाचा. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, हे कचेरीने लिहून लावले पाहिजे. "उद्या या" असे कोणी म्हणाले, तर पाटीवरचे दिवस त्याला दाखवा.

दोन. मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत नोंद करा.

तीन. माहिती हवी असेल तर मागा. माहितीचा अधिकार २००५ सालचा आहे. साधा अर्ज लिहून दहा रुपये भरायचे. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. 'पाण्याची तपासणी कोण करतो? त्याला शिक्षण कधी दिले? साफसफाई करणाऱ्यांना कोणती साधने दिली?' हे प्रश्न आपण विचारू शकतो.

चार. मुलामुलींना सांगा, नगराच्या नोकरीचेही शिक्षण असते. स्वच्छता निरीक्षक, अग्निशामक, कचेरीतला लेखनिक यांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांची जाहिरात निघते. जाहिरात स्वतः वाचा. शिक्षण किती हवे, फी किती, संस्थेला मान्यता आहे की नाही, हे पाहा. "पैसे द्या, नोकरी लावून देतो" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. मान्यता नसलेल्या वर्गाचा कागद नोकरीच्या वेळी कोणी विचारत नाही. पैसे जातात, वर्षही जाते.

मुख्याधिकारी शिकतो, मुकादम शिकतो, नगरसेवक शिकतो. त्यांना प्रश्न विचारायला आपण शिकतो. विचारणारा जागा असला की कारभारी झोपत नाही.

शब्दांचे अर्थ

मुख्याधिकारी – नगरपरिषदेच्या पगारी नोकरांचा प्रमुख
सर्वेक्षण – पाहणी
पदविका – अभ्यासक्रम पुरा केल्यावर मिळणारे प्रमाणपत्र
मान्यता – सरकारने दिलेली मंजुरी

प्रश्न

१. तुमच्या तालुक्याच्या गावी नगरपंचायत आहे की नगरपरिषद? पाटी वाचून लिहा.
२. पाण्यात औषध पोचले की नाही, हे कसे ओळखतात?
३. चेंबरमध्ये पडलेल्या माणसामागे उडी का टाकू नये?
४. तुम्हाला नगरपंचायतीकडून कोणती माहिती हवी आहे? चार ओळींचा अर्ज लिहून वर्गात वाचून दाखवा.