आखाडा सुटल्यानंतर : अंगबळाच्या खेळाडूचे उत्तरायुष्य

खेळाडूचे मोल समाज त्याच्या विजयाच्या दिवशी करतो. वैद्याकडे मात्र तो बहुधा वीस-पंचवीस वर्षांनंतर येतो. तेव्हा गुडघे सुजलेले असतात, झोप उडालेली असते, आणि 'पूर्वीसारखे राहिले नाहीत' अशी तक्रार त्याच्याऐवजी त्याची पत्नी करीत असते. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचे मूळ खानदेशात आहे. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने माणसे रोजगारासाठी इकडे आली, तशी गावच्या जत्रेतील कुस्त्यांची आवडही सोबत आली. त्यामुळे एखादे काका, मामा किंवा आजोबा 'पैलवान' म्हणून ओळखले जाणारे घर आपल्या परिचयात असतेच. अशा माणसांच्या उत्तरायुष्याचा वैद्यकीय व सामाजिक अंगांनी विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन उदाहरणे घेतली आहेत : एक दूरदेशीच्या बर्फावरील, दुसरे आपल्या मातीतील.

१. बर्फावरील 'एन्फोर्सर'

कॅनडा व अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या आइस हॉकीत दीर्घकाळ एक विलक्षण भूमिका रूढ होती. संघात एक धिप्पाड खेळाडू ठेवला जाई. गोल करणे हे त्याचे मुख्य काम नसे. आपल्या कुशल खेळाडूंना कोणी धसमुसळेपणाने त्रास दिला, तर हातमोजे टाकून त्याच्याशी उघड मुष्टियुद्ध करणे, ही त्याची नेमणूक. त्याला 'एन्फोर्सर' म्हणत; धाक बसविणारा, असा त्याचा अर्थ. नॅशनल हॉकी लीगच्या नियमांनुसार अशा मारामारीला पाच मिनिटांची शिक्षा होते. खेळाडू सामन्यातून कायमचा बाद होतोच असे नाही. म्हणजे मार देणे व मार खाणे हाच ज्याचा व्यवसाय, असा हा खेळाडू होय.

डेरेक बूगार्ड हे त्यांतील सर्वांत परिचित नाव. १९८२ मध्ये कॅनडात जन्मलेला हा खेळाडू सुमारे साडेसहा फूट उंच होता. मिनेसोटा वाइल्ड व न्यूयॉर्क रेंजर्स या संघांकडून तो २७७ सामने खेळला आणि त्यांत त्याचे गोल झाले केवळ तीन. डिसेंबर २०१० मधील एका मारामारीत त्याच्या मेंदूला हादरा बसला व त्यानंतर तो पुन्हा मैदानात उतरला नाही. १३ मे २०११ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, मद्य व अफूवर्गीय वेदनाशामक औषध यांच्या एकत्रित परिणामाने त्याचा मृत्यू झाला. त्याला एकाहून अधिक डॉक्टरांकडून वेदनाशामक व झोपेच्या गोळ्या मिळत होत्या, हे पुढे वृत्तपत्रांतून उघड झाले. आपणा व्यावसायिकांना हा तपशील अंतर्मुख करणारा आहे. प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे पाहिली तर ती कदाचित योग्यच वाटली असती. सर्व चिठ्ठ्या एकत्र पाहणारे मात्र कोणी नव्हते.

बूगार्डच्या आधी बॉब प्रोबर्ट हा विख्यात एन्फोर्सर जुलै २०१० मध्ये ४५ व्या वर्षी वारला. रेजी फ्लेमिंग हा आणखी जुना खेळाडू २००९ मध्ये ७३ व्या वर्षी गेला. तिघांच्याही मेंदूंच्या मरणोत्तर तपासणीत एकच विकार आढळला.

२. मेंदूत काय घडते?

हा विकार म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, संक्षेपाने सी.टी.ई. ही कल्पना नवी नाही. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच मुष्टियोद्ध्यांमधील अडखळती चाल, जड वाणी व मंद होत जाणारी बुद्धी यांचे वर्णन केले होते. पुढे अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेबस्टर २००२ मध्ये वारल्यावर डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली. तो शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हा प्रश्न मुष्टियुद्धापुरता मर्यादित राहिला नाही.

कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी फिरले किंवा थांबले, की मेंदूच्या भागांवर असमान ताण येतो आणि लांब मज्जातंतू ताणले जातात. असे आघात वर्षानुवर्षे होत राहिल्यास टाऊ नावाच्या प्रथिनाची विकृत पुटे साचू लागतात. मेंदूच्या वळ्यांमधील खोबणींच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती ती प्रथम आढळतात, ही या विकाराची खूण मानली जाते. विस्मरण, चिडचिड, एकाएकी उसळणारा संताप, औदासीन्य, व्यसनाधीनता आणि शेवटी स्मृतिभ्रंश, असे त्याचे रूप कुटुंबाला दिसते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली, या विकाराचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच्या तपासणीनेच होते. जिवंतपणी केवळ संशय व्यक्त करता येतो. दुसरी, मेंदूदान बहुधा लक्षणे असलेल्या खेळाडूंच्याच कुटुंबांकडून होते. म्हणून मेंदूपेढ्यांतील प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आइस हॉकीपटूंच्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच तोलून वाचावा लागतो. एन्फोर्सरमधील मृत्यूंचे एकूण प्रमाण इतर खेळाडूंपेक्षा लक्षणीय वेगळे आढळले नाही. परंतु जे मृत्यू झाले ते सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी झाले, आणि त्यांत अमली औषधांचा अतिरेक, आत्महत्या व मेंदूचे ऱ्हासजन्य विकार ही कारणे अधिक होती.

३. आपल्या मातीतील उदाहरण : खाशाबा जाधव

कुस्तीत ठोसे नसतात, म्हणून पैलवान व एन्फोर्सर यांची तुलना मेंदूविकाराच्या बाबतीत जशीच्या तशी करता येणार नाही. परंतु शरीर हेच भांडवल, ते तारुण्यात खर्ची पडणे, आणि उरलेले आयुष्य त्या खर्चाच्या हिशेबात जाणे, या बाबतीत साम्य आहे. त्या दृष्टीने खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे.

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते उतरले. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीचा सराव नव्हता. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कराड परिसरातील लोकांनीही आपापल्या परीने हातभार लावला.

हेलसिंकीत खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, वाट पाहावी लागली. या स्पर्धेची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. जपानच्या इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ व थकविणाऱ्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. नियमाप्रमाणे मध्ये अवधी मिळायला हवा होता. पण त्यांच्या वतीने तो मागणारा कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. खेळाडूच्या बाजूने बोलणारे कोणी नसणे ही उणीव पुढे त्यांच्या आयुष्यभर जाणवत राहिली.

परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून, त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले, आणि अखेरचा काळ आर्थिक ओढाताणीत गेला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता-अपघातात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५८. अर्जुन पुरस्कार लाभला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. गौरव झाला; तो पाहायला खाशाबा नव्हते.

बूगार्डला पैसा मिळाला, पण त्याचे दुखणे एकत्रितपणे पाहणारा कोणी मिळाला नाही. खाशाबांना लोकांचे प्रेम मिळाले, पण निवृत्तीनंतरची व्यवस्था मिळाली नाही. टाळ्या थांबल्यानंतर दोघेही एकाकी पडले.

४. दवाखान्यात काय पाहावे?

माजी पैलवान आपल्याकडे बहुधा वेगळ्याच तक्रारीसाठी येतो. 'तरुणपणी कोणता खेळ खेळत होता? किती वर्षे? कधी शुद्ध हरपली होती का?' हे तीन प्रश्न इतिहास घेताना विचारले, तर पुढील अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

(अ) सांधे व मान : गुडघ्यातील कूर्चा व अस्थिबंध यांच्या जुन्या दुखापतींतून अकाली संधिवात उद्भवतो. धोबीपछाडसारख्या डावांत मानेवर भार येतो. अशा रुग्णात हाताला मुंग्या, चालताना तोल जाणे किंवा पकड सैल होणे या तक्रारी असतील, तर मानेच्या मणक्यांची तपासणी लांबणीवर टाकू नये.

(आ) कान : पैलवानांचे चुरगळलेले कान ही अभिमानाची खूण समजली जाते. वस्तुतः कानाच्या कूर्चेवरील आवरणाखाली रक्त साचून कूर्चेचे पोषण तुटल्याचा तो परिणाम आहे. रक्त वेळीच काढून दाबपट्टी बांधल्यास ही विकृती टाळता येते. तरुण मल्लांना व वस्तादांना हे आवर्जून सांगावे.

(इ) खुराक : जोर-बैठका थांबतात, तूप, दूध व बदाम मात्र सवयीने चालू राहतात. त्यातून वजन, रक्तदाब व मधुमेह वाढतात. जाड मान, मोठे घोरणे आणि दिवसा येणारी पेंग दिसली, तर झोपेतील श्वासरोधाचा विचार करावा.

(ई) वेदनाशामके : दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतात. मूत्रपिंड व जठर यांची तपासणी करावी, आणि सर्व चिठ्ठ्या व गोळ्यांची पाकिटे एकदा टेबलावर मांडावयास सांगावी.

(उ) मन व बुद्धी : विस्मरण किंवा स्वभावातील बदल दिसला, की सी.टी.ई.चा शिक्का मारून मोकळे होऊ नये. नैराश्य, मद्यपान, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, कवटीत हळूहळू साचलेले रक्त, श्वासरोध ही उपचारयोग्य कारणे प्रथम शोधावीत. पैलवान माणूस 'मन उदास आहे' असे सहसा म्हणणार नाही; 'अंगात रग राहिली नाही' असे म्हणेल. ते वाक्य ऐकून पुढे जाऊ नये.

सध्या खेळणाऱ्या मुलांसाठी नियम सोपा आहे. डोक्याला मार बसून क्षणभर जरी भान हरपले, गोंधळ उडाला, डोके दुखू लागले किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी पुन्हा खेळणे नाही. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, नंतर लक्षणे पाहत टप्प्याटप्प्याने सराव, आणि अंगझटीच्या खेळाला डॉक्टरांच्या संमतीनंतरच परवानगी. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, फिट, वाढती गुंगी किंवा हातापायांतील कमजोरी दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. 'मर्दाने एवढे सोसावे' हे वाक्य आखाड्यात कितीही शोभले, तरी मेंदूला ते लागू पडत नाही.

५. समाजाचे कर्तव्य

वैद्य औषध देईल, पण माजी खेळाडूला प्रतिष्ठा व सोबत समाजच देऊ शकतो. त्या दृष्टीने तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. पहिली, मंडळांच्या आरोग्य शिबिरांत माजी पैलवान व कबड्डीपटूंना नावानिशी बोलवावे. ते आपणहून रांगेत उभे राहत नाहीत. दुसरी, निवृत्तिवेतन, मानधन व विमा यांचे अर्ज भरण्यास सुशिक्षित तरुणांनी साहाय्य करावे. तिसरी, त्यांच्याकडून मुलांना व्यायामाचे धडे द्यावेत. आपल्या विद्येची कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव अनेक गोळ्यांपेक्षा गुणकारी ठरते.

समारोप

जत्रेतील कुस्ती निकाली झाली, की लोक विजयी मल्लाला खांद्यावर घेतात. काही पावलांनंतर त्याला खाली उतरवावेच लागते, आणि तेथून पुढची वाट त्याला स्वतःच्या पायांनी चालायची असते. ते पाय पुढची तीस-चाळीस वर्षे सुस्थितीत राहावेत, डोके शांत राहावे आणि घरात चूल पेटती राहावी, यासाठी आपण काय करतो, यावर त्या खांद्यावर घेण्याचा खरा अर्थ अवलंबून आहे. वैद्यकीय व्यवसायातील बंधु-भगिनींनी येत्या महिन्यात आपल्या नित्याच्या रुग्णांपैकी किमान एका माजी खेळाडूला वरील तीन प्रश्न विचारून पाहावेत, एवढीच नम्र विनंती.