संस्कृतीचा प्रसार : अंगणातील एक पाठ
(इयत्ता सातवी, इतिहास, भूगोल व गणित यांचा समन्वय)

प्रस्तावना. एखादी रीत दूरच्या गावी दोन वाटांनी पोहोचते. ती जाणणारी माणसे तेथे जाऊन वसतात. अथवा माणसे जागीच राहून शेजाऱ्याचे पाहून शिकतात. पहिले स्थलांतर, दुसरे अनुकरण. मुलांस मिरचीविषयी विचारावे. तिचे मूळ अमेरिकेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती आपल्याकडे आली. परंतु आपण तिखट खातो म्हणून आपले पूर्वज अमेरिकेतील ठरत नाहीत.

हेतुकथन. रीत पसरली, तेव्हा माणसे पसरली की विद्या, हे नुसत्या नकाशावरून ठरत नाही, हे प्रत्यक्ष कृतीने दाखविणे.

विषयविवेचन. पश्चिम आशियात उगम पावलेली शेती इ. स. पूर्व ६५०० च्या सुमारास ग्रीसमध्ये व ४००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोहोचली. अंतर सुमारे २,५०० किलोमीटर. वेग मुलांकडूनच काढवावा : वर्षास सुमारे १ किलोमीटर, म्हणजे पंचवीस वर्षांच्या एका पिढीत २५ किलोमीटर. ॲमरमन व कावाली-स्फोर्झा या संशोधकांनी १९७१ मध्ये उत्खननस्थळांच्या कालमापनावरून असाच वेग दाखविला होता.

कृती. अंगणात एका ओळीत दहा चौकोन आखावेत. एक चौकोन म्हणजे २५ किलोमीटर, एक फेरी म्हणजे एक पिढी. पहिल्या चौकोनात चार चिंचोके (शेतकरी), उरलेल्या प्रत्येकात दोन काळे खडे (शिकारी) ठेवावेत.

पहिला खेळ : दर फेरीस पुढील एका चौकोनात चार नवे चिंचोके ठेवावेत, ही शेतकऱ्यांची संतती. दुसरा खेळ : नवे चिंचोके काढून घ्यावेत व दर फेरीस पुढील चौकोनातील खड्यांवर खडूने खूण करावी, हे शेती शिकलेले शिकारी.

दोन्ही खेळांत नवव्या फेरीस शेती दहाव्या चौकोनात पोहोचते. वेग तोच, नकाशाही तोच. मग विचारावे, "दहाव्या चौकोनात शेती करणारे कोण?" येथे मुले थबकतील. त्यांना विचार करू द्यावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये.

संकलन. युरोपचा हा प्रश्न प्राचीन अस्थींतील डीएनएच्या तपासणीने बराच सुटला. तेथील आरंभीचे शेतकरी मुख्यतः आनातोलियाकडून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून आलेल्यांचे वंशज होते. पुढे स्थानिक शिकारी त्यांच्यात मिसळत गेले. उलट बाल्टिक किनाऱ्याकडील शिकाऱ्यांनी असे शेतकरी येऊन न मिसळताही मडकी घडविण्याची विद्या आत्मसात केली. म्हणून तिसऱ्या खेळात चिंचोके व खूण दोन्ही वापरावीत.

उपयोजन. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या वर्गात परगावची मुले येतात. त्यांच्याकडील एक खेळ व एक शब्द वर्गाने शिकावा, आपला एक त्यांना शिकवावा आणि दोन्ही फळ्यावर लिहावेत. रीत सारखी म्हणून वंश एक, रीत निराळी म्हणून माणूस परका, हे दोन्ही निष्कर्ष उतावळेपणाचे आहेत. एवढे मुलांच्या मनात ठसले, तर पाठ सफल झाला असे समजावे.