भातशेतीतील जुना ट्रॅक्टर : गिअर ऑईल केव्हा बदलावे?

मध्यप्रदेशातील बालाघाट हा मुख्यतः भाताचा जिल्हा होय. वैनगंगेच्या खोऱ्यात वारासिवनी, लालबर्रा, किरनापूर, लांजी या भागांत पावसाने जोर धरला की बांध्यांतून चिखलणीस प्रारंभ होतो, आणि रोवणी आटोपेपर्यंत ट्रॅक्टरला उसंत मिळत नाही. या कामावर नव्या यंत्रांबरोबर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेले जुने ट्रॅक्टरही असतात. त्यांची माहितीपुस्तिका बहुधा हरवलेली असते आणि तासांचे मीटर बंद पडलेले असते. इंजिनाचे ऑईल मालक नियमाने बदलतो. गिअरबॉक्सचे ऑईल मात्र गिअर अडेपर्यंत कोणास आठवत नाही.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत गिअर ऑईलची मुदत सुमारे १००० तास दिलेली आढळते. ही मुदत चुकीची नाही, परंतु ती भातशेतकऱ्यास पुरेशीही नाही. वर्षाकाठी २०० ते २५० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला १००० तास पुरे होण्यास चार-पाच वर्षे लागतात. तेवढ्या काळात तो चार-पाच हंगाम चिखलात उतरलेला असतो. म्हणून येथे ऑईलचे आयुष्य तासांपेक्षा पाण्यावरून ठरविणे इष्ट होय.

पाणी आत जाते कसे? चिखलणीच्या वेळी मागच्या धुऱ्याचा भाग वारंवार पाण्यात बुडतो. धुऱ्याचे ऑईल सील झिजलेले किंवा कडक झालेले असले तर तेथून गढूळ पाणी शिरते. गिअरबॉक्सवरील हवा सोडणारे छोटे बूच चिखलाने बुजल्यास धोका वाढतो. तापलेले यंत्र पाण्यात थंड होऊ लागले की आतील हवा आकसते व सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. गिअरच्या दांड्यावरील फाटलेल्या रबरातून पावसाचे पाणी झिरपते ते निराळेच.

तपासणी सोपी आहे. ट्रॅक्टर सपाट जागी रात्रभर उभा ठेवून सकाळी मापाची पट्टी काढून पाहावी. ऑईल न घालता पातळी वाढलेली दिसली तर तो फायदा समजू नये. वाढलेला भाग पाण्याचा असतो. ऑईलचा रंग दुधाळ किंवा घट्ट चहासारखा झाला असेल तर पाणी त्यात मिसळले आहे, हे निश्चित. शंका राहिल्यास थोडे ऑईल काचेच्या बाटलीत घेऊन दोन दिवस स्थिर ठेवावे. सुटे पाणी तळाशी बसते. त्याचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाकल्यास पाणी असलेले ऑईल तडतडते. हा प्रयोग डोळे सांभाळून, चुलीच्या ज्वाळेपासून दूर करावा.

काम करता करता पाणी आपोआप उडून जाईल, अशी समजूत काही चालकांची असते. गिअरबॉक्स इंजिनाइतका तापत नाही. त्यामुळे ती आशा फोल ठरते. उलट रोवणीनंतर ट्रॅक्टर महिना-दीड महिना उभा राहतो, त्या काळात बेअरिंगांवर गंज धरतो. पुढील आषाढात ऐन चिखलणीत बेअरिंग फुटते आणि पऱ्हे वाफ्यातच जून होत राहतात. नुकसान ऑईलच्या किमतीचे उरत नाही, हंगामाचे होते.

ऑईल केवळ काळसर झाले म्हणून ते फेकून देण्याचेही कारण नाही. मध्यम ट्रॅक्टरात वीस लिटरांहून अधिक ऑईल मावते. लहान शेतकऱ्यास तो खर्च जड जातो. जळका वास नसेल, पाणी नसेल आणि तास भरले नसतील तर पातळी राखून काम चालू ठेवण्यास हरकत नाही. मीटर बंद असल्यास डिझेलच्या हिशेबावरून तास काढावेत. ताशी सरासरी तीन लिटर डिझेल लागत असेल तर ३००० लिटर म्हणजे सुमारे १००० तास.

ऑईल सोडताना तळाच्या बुचाकडे अवश्य पाहावे. बुचास लोहचुंबक असल्यास त्यावर करड्या पिठासारखा लेप दिसतो. ती साधी झीज होय. टोकदार कपचे किंवा दाताचा तुकडा निघाला तर नवे ऑईल भरण्याआधी मिस्त्रीकडून गिअरबॉक्स उघडून घ्यावा.

ऑईल बदलताना ट्रॅक्टर अर्धा तास चालवून गरम असतानाच ते सोडावे, म्हणजे तळाचा गाळ निघतो. हायड्रॉलिकची जाळी धुवावी आणि गळके सील त्याच वेळी बदलावे. एरवी नवे ऑईलही पहिल्याच बांधीत दुधाळ होईल. सील गळत असता ऑईल ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरते व भरल्या ट्रॉलीसह उतारावर ब्रेक लागत नाही, ही गोष्ट ऑईलपेक्षाही गंभीर आहे. गिअर व हायड्रॉलिकचे ऑईल एकच आहे की वेगळे, ब्रेक ऑईलमध्ये बुडालेले आहेत की कोरडे, हे मॉडेलवरून पाहूनच ऑईलचा प्रकार निवडावा. सर्वच ट्रॅक्टरांना ‘नव्वद नंबर’ चालते असे नाही.

काढलेले ऑईल नाल्यात, बोडीत किंवा बांधावर ओतू नये; त्याचा थर पाण्यावर पसरून मासळीस अपाय होतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जावयास हवे. झाकणाच्या डब्यात साठवून ते ऑईल विक्रेत्यामार्फत किंवा कार्यशाळेमार्फत तेथे पाठविता येते.

तपासणीची योग्य वेळ रोवणी संपल्याच्या आठवड्यातच येते. ट्रॅक्टर धुऊन छपरात लावण्यापूर्वी पट्टी पाहावी, आणि तारीख, पातळी व ऑईलचा रंग चिखलगाडीच्या झाकणावर नव्हे तर वहीत लिहून ठेवावा.