गाडी गेली, नाव राहिलं

जुनी गाडी विकायची जाहिरात फोनवरून टाकली की पहिला फोन बहुधा एखाद्या ‘फौजी साहेबां’चा येतो. त्यांना गाडी बघायची नसते, भावही करायचा नसतो. ते क्यूआर कोड पाठवतात, आपण तो स्कॅन करायचा की म्हणे पैसे जमा. मला भेटलेल्याने तर पुलगावच्या डेपोत पोस्टिंग असल्याचं सांगितलं; ड्यूटीमुळे बाहेर पडता येत नाही. डेपो आम्हा नाचणगावकरांच्या शेजारचा. म्हटलं, ‘मग मीच गेटवर गाडी घेऊन येतो, आत्ताच.’ फोन कट. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी हे भामटे टळतात. पैसे गेलेच तर आधी १९३० वर फोन लावायचा, बाकी सगळं नंतर.

खरा मनस्ताप दिला तो खऱ्या गिऱ्हाइकानं. यवतमाळकडचा माणूस, सोबत ओळखीचा मिस्त्री. बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढून ऑइल बोटावर चोळून पाहिलं, पुलगावच्या नदीपर्यंत गाडी चालवून आणली. सौदा २ लाख ४० हजारांत पटला. दीड लाख बँकेतून आले, उरलेल्या ९० हजारांचा पुढच्या महिन्याचा चेक. त्याच संध्याकाळी तो गाडी घेऊन गेला.

अशा वेळी चौकात प्रत्येक जण एकच सल्ला देतो : ‘पैसे पुरे हाती येईपर्यंत गाडी त्याच्या नावानं करून देऊ नको बाप्पा.’ ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण विकणाऱ्याला गोत्यात आणतो तो हाच. गाडी त्याच्याकडे धावते, नाव आपलं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठीच फॉर्म २९ आणि ३०. नोंद बदलेपर्यंत कायद्याच्या लेखी मालक आपणच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २००७ साली विकलेली गाडी पुढे हातोहात फिरली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. आरटीओत नाव पहिल्याच मालकाचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. म्हणजे ९० हजारांसाठी नाव अडवून ठेवणारा माणूस काही लाखांची जोखीम घेऊन झोपतो.

चेकची तारीख जवळ आली तसा त्या यवतमाळवाल्याचा फोन. ‘भाऊ, गिअरबॉक्स गेला. गाडी तं गॅरेजात उभी आहे. चाळीस हजार कमी करा.’ जुन्या गाडीच्या व्यवहारात ही ठरलेली चाल आहे : माल नेल्यावर भाव पाडायचा. पण गाडीच्या काचेवरचा फास्टॅग अजून माझ्या खात्याला जोडलेला होता, आणि गॅरेजात उभ्या गाडीचा टोल माझ्या खात्यातून कापल्याचा मेसेज दुसऱ्याच दिवशी आला. स्क्रीनशॉट पाठवल्यावर गिअरबॉक्सचा विषय पुन्हा निघाला नाही. चेक मात्र वटला नाही.

चेक परतल्यावर लोक ‘देतो ना भाऊ, पुढच्या हप्त्यात’ ऐकत बसतात आणि मुदत त्यातच सरते. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी पैसे नाहीत तर पुढच्या महिनाभरात तक्रार. चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं हे कलम १३८. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१५च्या दुरुस्तीनंतर खात्यात भरलेल्या चेकचा खटला आपल्या खात्याची शाखा जिथे आहे तिथे चालतो. यवतमाळच्या चकरा नाहीत. कोणी ग्राहक आयोगाकडे जायला सांगतं, पण विकणारा ग्राहक नसतो, तिथे हात हलवत परतावं लागतं. माझं प्रकरण नोटिशीवरच मिटलं. वकिलाची फी माझ्या माथी.

पुढे माझ्या चुलतभावाने गाडी विकायला काढली तेव्हा तो आणि गिऱ्हाईक दोघेही बँकेत बसले. दोन लाखांच्या वरची रक्कम आरटीजीएसने जाते आणि ती सोय आता चोवीस तास असते. मेसेज खोटा बनवता येतो, म्हणून खात्यातली शिल्लक उघडून पाहिली. मगच किल्ली दिली आणि तिथेच फॉर्मवर सह्या. रोखीचा आग्रह धरणाऱ्याला साफ नाही म्हणावं : एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकराचा दंड घेणाऱ्याला, आणि तोही तेवढ्याच रकमेचा. ताबापावतीवर तारखेसोबत वेळ लिहिली, कारण संध्याकाळी पाचला गाडी दिली आणि सहाला चलान फाटलं तर तेवढाच कागद कामी येतो. ‘पाहून, चालवून, आहे त्या स्थितीत घेतली’ ही ओळ त्याच पावतीवर, घेणाऱ्याच्या सहीच्या वर. इसार दिला-घेतला असेल तर तोही त्यातच.

फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा. माझ्या वेळी आला तसा तो साक्षीला येईलच असं नाही. गाडी विकल्याचं विमा कंपनीला कळवताना आणखी एक काम उरकून घ्यावं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनीकडून त्याचं पत्र मागून घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीच्या विम्यात ती सूट मिळते. एजंट हे आपण विचारल्याशिवाय क्वचितच सांगतो.