करंड्याचा कळस : कातकामातील अखेरच्या इंचाचा अभ्यास

शिखरावर कळस चढल्याखेरीज मंदिर पुरे झाले असे मराठी मुलखात कोणी मानीत नाही. लाकडी कातीव करंड्यालाही हाच नियम लागू पडतो. करंड्याचे पोट कितीही सुबक असले तरी पाहणाऱ्याची नजर अखेरीस झाकणाच्या माथ्यावरील छोट्या कळसावर येऊन थांबते. ग्राहक करंडा प्रथम तेथेच धरतो आणि करंडा बहुधा तेथेच मोडतो. कारागिराच्या मेहनतीचे मोल अशा प्रकारे एक-दोन इंच लाकडावर ठरते. म्हणूनच या लहानशा भागाचा स्वतंत्र अभ्यास करणे अगत्याचे आहे.

मांडवा आणि कोकणची परंपरा

रायगड जिल्ह्यातील मांडवा बंदरात मुंबईहून येणाऱ्या प्रवाशांची वर्दळ मोठी आहे. गेटवे ऑफ इंडियाकडून येणाऱ्या लाँचच्या जोडीला मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून वाहने नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. येणारा प्रवासी परतताना या मातीची एखादी टिकाऊ खूण बरोबर नेईल काय, हा प्रश्न किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी विचारात घेण्याजोगा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर कोकणातच, दक्षिणेकडील सावंतवाडीत सापडते. तेथील चितार आळीत लाकडी फळे, खेळणी आणि लाखेने रंगविलेल्या वस्तूंची परंपरा नांदत आली आहे. ही कला क्षीण होत असताना १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी पुढाकार घेऊन तिला आणि गंजिफांच्या कलेला राजवाड्यात आसरा दिला. गुजरातेतील संखेडा व कर्नाटकातील चन्नपट्टण येथेही कातकाम आणि लाखकाम यांची अशीच जोडी आढळते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर पसरते. नंतर केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात.

आराखडा : कागदावर आधी, लाकडावर नंतर

कळसाची रचना समजून घेण्यास मंदिराचे शिखर हा उत्तम पाठ आहे. नागर शैलीच्या शिखरावर आवळ्याच्या आकाराचा पाकळ्यांचा आमलक, त्यावर कलश आणि सर्वांत वर महाळुंगाच्या आकाराचे बीजपूरक असा क्रम असतो. प्रत्येक भाग खालच्या भागाहून लहान होत जातो आणि दोन भागांच्या मधील खाच त्यांना वेगळेपणा देते. करंड्याच्या कळसातही बैठक, पोट, मान आणि कळी असे चार भाग कल्पिता येतात.

उदाहरणादाखल ६० मिलिमीटर व्यासाचा व तेवढ्याच उंचीचा करंडा घेऊ. त्यासाठी ४० मिलिमीटर उंचीचा कळस योजल्यास बैठकीला ८, पोटाला १२, मानेला १४ आणि कळीला ६ मिलिमीटर अशी वाटणी करून पाहावी. चारही भागांना १० मिलिमीटर दिले तर कळस जिन्याच्या कठड्यासारखा रुक्ष दिसतो. पोटाचा व्यास १४, मानेचा ६ आणि कळीचा ८ मिलिमीटर ठेवला असता बोटे मानेवर सहज बसतात आणि कळीमुळे ती निसटत नाहीत. कळस शोभेचा असला तरी तो झाकणाची मूठ आहे, याचा विसर पडू नये. मान ३ मिलिमीटरपर्यंत बारीक केली तर ती प्रदर्शनात शोभेल. रोज कुंकू लावणाऱ्या घरात अथवा प्रवाशाच्या पिशवीत टिकणार नाही.

हीच आकृती काळ्या कागदावर कापून ३०, ४० आणि ५० मिलिमीटर उंचीची तीन कात्रणे करावीत. ती करंड्यावर उभी करून चार पावले मागे सरून पाहावे. जे कात्रण करंड्याला दडपून टाकते अथवा करंड्यात हरवून जाते, ते बाजूस ठेवावे. त्यानंतर हलक्या लाकडात नमुना कातावा आणि सुधारणा करताना एका वेळी एकच माप बदलावे. दोन-तीन मापे एकदम बदलली तर कोणत्या बदलाने कळस सुधारला हे कळेनासे होते.

लाकूड आणि कातण्याचा क्रम

कळसासाठी २० मिलिमीटर चौरस आणि १०० मिलिमीटर लांब तुकडा पुरतो. रेषा तुकड्याच्या लांबीबरोबर सरळ धावल्या पाहिजेत. आडव्या रेषेचा कळस मानेत हमखास मोडतो. शिवणीचे लाकूड कातण्यास सोपे असून हवामानाप्रमाणे फारसे वाकत नाही. किनाऱ्यावरील सुरूचे लाकूड कठीण असले तरी ते वाळताना पिळते व तडकते. म्हणून नवशिक्याने ते टाळावे.

कळसाचे टोक लेथच्या मोकळ्या बाजूस ठेवून काम तेथूनच सुरू करावे. टोक कातून, घासून, लाख देऊन पुरे झाल्यावरच मानेस हात घालावा आणि त्यानंतर बैठकीकडे यावे. मान आधी बारीक केली तर पुढचा भाग थरथरतो आणि लाखेच्या कांडीचा दाब त्याला सोसत नाही. पटाशी नेहमी मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे न्यावी. उलट नेल्यास तंतू उचकटतात. मणी आणि खाच जेथे मिळतात ती रेषा स्वच्छ असावी. पॉलिश कागद फार चालविल्याने ती बोथट होते आणि सर्व मेहनत धुरकट दिसू लागते.

कळसाच्या तळाशी खुंटी ठेवून ती झाकणाच्या मध्यावरील छिद्रात बसवावी. लाकूड पुरते वाळलेले असावे. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओलावा घेऊन फुगते, म्हणून उन्हाळ्यात घट्ट बसणारे झाकण आषाढात अडकून बसते. ग्राहक मग कळस धरून ओढतो आणि कळस हातात येतो. झाकण किंचित सैल ठेवणे हा यावरील साधा उपाय आहे.

गावाच्या पातळीवर

कळसाचे तुकडे इतके लहान असतात की त्यांसाठी नवे झाड तोडण्याचे कारण नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील असंख्य झाडे पाडली. अशा पडलेल्या झाडांचे लाकूड तसेच घरदुरुस्तीतील उरलेले तुकडे सरपणात जाण्यापूर्वी निवडून सावलीत वाळविता येतात. पावसाळ्यात गेटवेकडील लाँच बंद असतात. तो काळ शिकण्यास सोयीचा आहे. शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला लेथ नसला तरी कागदी कात्रणांचा पाठ देता येतो. त्यातून प्रमाण, मापन आणि मंदिरशिल्प हे तिन्ही विषय मुलांच्या हाती येतात.

जे कारागीर आधीपासून स्वयंरोजगार म्हणून हातकाम करतात, त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातील १८ व्यवसायांत सुतारकाम आणि पारंपरिक खेळणी बनविणे यांचा समावेश आहे. प्रशिक्षण, १५ हजार रुपयांपर्यंत अवजारसाहाय्य, आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. ही पडताळणी वेळेवर झाली नाही तर होतकरू कारागिराचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो. पंचायत सदस्यांची जबाबदारी येथे प्रत्यक्ष आहे.

करंड्याचा कळस कातताना शंभरांतील नव्वद भाग लाकूड भुसा होऊन खाली पडते आणि उरलेल्या दहा भागांवर वस्तूचे नाव ठरते. काय ठेवावे आणि कोठे थांबावे हे ओळखणारा हात एका दिवसात तयार होत नाही. मोडलेले आणि नाकारलेले नमुने मांडून त्यांतून शिकणारी दोन-चार मुले गावात निर्माण झाली, तर मांडव्याहून परतणाऱ्या प्रवाशाच्या पिशवीत याच किनाऱ्याच्या लाकडाचा करंडा असू शकेल आणि त्याचा कळसही शाबूत राहील.